आधी पडायला शिकू द्या

प्रश्न : आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. माझा मुलगा ८ वर्षांचा असून तिसरीत आहे. अंगाने किरकोळ आहे आणि त्याला चष्मा आहे. शाळेच्या व्हॅनमध्ये सहावीतली तीन मुले त्याला ‘ढापण्या’ म्हणून चिडवतात, डबा हिसकावतात आणि मागच्या सीटवर ढकलतात. हे कळल्यापासून त्याचे बाबा म्हणत आहेत, की याला कराटेला घाला, म्हणजे एकदाच दोन ठेवून देईल आणि विषय संपेल. सासूबाईंचे म्हणणे असे, की असल्या क्लासने मुलगा मारकुटा होईल, हातपाय मोडून घेईल आणि त्याची उंचीही खुंटेल. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी एक सर क्लास घेतात. ते दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी देतात. दोन वर्षांची फी एकदम भरायची आहे, ती २४ हजार रुपये, आणि दर तीन महिन्यांच्या बेल्ट परीक्षेचे १,२०० रुपये वेगळे. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील, असेही ते सांगतात. कराटे, तायक्वांदो आणि ज्युदो यांतले काय निवडावे? आठवे वर्ष लवकर तर होत नाही ना?
ता. क. : हल्ली रोज सकाळी त्याचे पोट दुखते, रविवारी मात्र दुखत नाही. अकरा वर्षांची मोठी मुलगीही क्लासला यायचे म्हणते आहे.
– एक आई, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ता. क. पाशी येऊन थांबले. शाळेच्या दिवशी दुखणारे आणि रविवारी न दुखणारे पोट मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून ३१ वर्षांत पुष्कळ पाहिले आहे. ते सोंग नसते. भीतीने मुलाचे पोट खरोखर दुखते, आणि मुलाला भीती हा शब्द सापडत नाही म्हणून तो पोट दाखवतो. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, पण त्याच आठवड्यात व्हॅनचे प्रकरणही हाती घ्या, कारण क्लासचा विचार त्याच्या नंतरचा आहे.

व्हॅनमध्ये जे चालले आहे ते मोठ्या माणसांनी थांबवायचे आहे आणि ते तिसरीतल्या मुलाच्या मुठीवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. सहावीतला मुलगा त्याच्यापेक्षा सहज दहा-बारा किलोंनी भारी असतो, इथे तर तसे तिघे आहेत, जागा चालत्या गाडीतली आहे आणि तुमच्या मुलाच्या डोळ्यांवर चष्मा आहे. अशा ठिकाणी त्याने दोन ठेवून दिल्या तर पुढे काय होईल, याचा विचार तुमच्या यजमानांनी शांतपणे करावा. एक तर तो तिघांचा मार खाईल, नाही तर शाळेत मारामारीची तक्रार त्याच्याच नावावर लागेल, आणि इतके दिवस डबा हिसकावणारी मुले तेवढ्यापुरती साळसूद ठरतील. त्याच्या बाबांनी उद्या सकाळी स्वतः व्हॅनपाशी उभे राहावे, व्हॅनवाल्या काकांशी नीट बोलावे आणि मुलाची जागा पुढे, त्यांच्या नजरेसमोर करून घ्यावी. त्याच दिवशी शाळेत लेखी अर्ज द्यावा. आपल्या राज्यात २०११ पासून स्कूल बससाठी स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. अर्ज त्या समितीच्या नावाने लिहा, काय घडले ते तारखांसह लिहा आणि पोच घ्या. तोंडी तक्रार स्टाफरूमच्या चहाबरोबर संपते, हे मी त्याच स्टाफरूममध्ये बसून पाहिलेले आहे. त्या तीन मुलांच्या घरी मात्र परस्पर जाऊ नका. तीही अकरा-बारा वर्षांची मुलेच आहेत, आणि दारात झालेले भांडण दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्येच फेडले जाते.

तुमच्या यजमानांना आवडेल अशी एक हकिकत आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो लहानपणी असेच किरकोळ अंगाचे होते आणि वसतिशाळेत दांडगट मुलांचा त्रास सोसत होते. त्या त्रासातूनच त्यांना जुजुत्सू ही जुनी जपानी झटापटीची विद्या शिकण्याची ओढ लागली. ही हकिकत क्लासच्या जाहिरातींतून नेहमी इथपर्यंतच सांगितली जाते. पुढचा भाग असा, की शिकवणारा गुरू मिळेपर्यंत कानो सोळा-सतरा वर्षांचे झाले होते, आणि १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात बारा तातामींच्या, म्हणजे बारा जपानी चटयांच्या, जागेत नऊ शिष्यांना घेऊन त्यांनी कोडोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली, तेव्हा वसतिशाळेचे दिवस केव्हाच मागे पडले होते. त्या विद्येने त्यांना जन्मभर पुरेल इतके दिले, पण वसतिशाळेतला त्यांचा त्रास वाचवायला ती वेळेवर आली नव्हती. तेव्हा मुलाला क्लास जरूर लावा, मात्र व्हॅनमधल्या मुलांचा सूड म्हणून लावू नका आणि त्याच्यासमोर तसे बोलूही नका. नाही तर तो रोज क्लासहून आल्यावर घरचे विचारतील, ‘मग, आज दिलीस का त्यांना?’ आणि आणखी एका ठिकाणी आपण कमी पडलो, एवढेच त्याला कळेल.

वयाविषयी म्हणाल तर आठवे वर्ष अगदी योग्य आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या क्लासात शिस्तीच्या नावाखाली बहुधा खेळच चालतात, आणि त्यात वाईट काही नाही. सातव्या-आठव्या वर्षापासून मुलाला डावे-उजवे, क्रम आणि सूचना नीट पाळता येऊ लागतात, आपल्या जोर लावण्याने समोरच्याला लागू शकते हे समजू लागते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि व्हॅन, शाळा, शिकवणी व मोबाइल यांच्यात अडकलेल्या मुलांपैकी किती जणांची तेवढी होते, ते तुम्ही सोसायटीच्या लिफ्टपाशी उभे राहूनही मोजू शकाल.

आता मूळ मुद्द्याकडे येते. चांगल्या क्लासात पहिल्या महिन्यात मुलाला काय शिकवतात, याची मोठ्यांना सहसा कल्पना नसते. त्यांना ठोसा आणि किक डोळ्यांसमोर दिसते. मी तरुणपणी ज्युदो शिकले, तपकिरी पट्ट्यापर्यंत पोहोचले आणि पुढे संसार व नोकरी यांत ते मागे राहिले, परंतु पहिले सहा आठवडे आम्हाला फक्त पडायला शिकवले होते, हे मला कालच्यासारखे आठवते. उकिडवे बसायचे, हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि मागे लवंडायचे. सर सांगत, ‘पट्ट्याची गाठ बघा.’ पडताना स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडे पाहत राहिले, की मान आपोआप आत वळते आणि डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटत नाही. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून चटईवर आपटायचे, म्हणजे आघात हातभर पसरतो. पंचवीस मुले एका वेळी अशी पडली, की हॉलमध्ये फटाक्यांच्या माळेसारखा आवाज होतो, आणि पहिल्या दिवशी डोळे मिटून घेणारी मुले चौथ्या दिवशी आपल्या हाताचा आवाज सर्वांत मोठा यावा म्हणून धडपडू लागतात.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. पडताना माणसाचा हात आपोआप मागे किंवा पुढे ताठ जातो आणि सगळा भार मनगटावर येतो. सायकलवरून, घसरगुंडीवरून, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून पडलेल्या मुलांची मनगटे आणि गळ्याजवळची हाडे बहुतेक वेळा अशीच मोडतात. ती सवय मोडून गोल पडण्याची सवय लावणे, हे हातपाय शाबूत ठेवण्याचे शिक्षण आहे. सासूबाईंच्या काळजीवर मला तरी याहून चांगले उत्तर सुचत नाही. त्यांना एखाद्या संध्याकाळी सोबत नेऊन खुर्ची देऊन बसवा. नातू पडतो आणि हसत उठतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, की माझ्या शंभर ओळींचे काम होईल.

चांगल्या क्लासातली दुसरी गोष्ट आवाजाची. कराटे-तायक्वांदोत प्रत्येक निर्णायक ठोशाबरोबर पोटातून ओरडायचे असते. लाजऱ्या मुलाला ठोसा लवकर जमतो, पण आवाज निघत नाही. तो ओठांतल्या ओठांत ‘हाय’ म्हणतो आणि बाजूच्याकडे बघतो. समंजस शिक्षक त्याला एकट्याला पुढे काढून ओरडायला लावत नाहीत. ते सगळ्या रांगेला ओरडायला लावतात आणि त्या गोंगाटात एके दिवशी त्याचाही आवाज मोकळा होतो. व्हॅनमध्ये तुमच्या मुलाच्या कामी आलाच तर हाच भाग येईल, कारण ‘माझा डबा दे’ हे मान वर करून, पुढच्या सीटवरच्या काकांना ऐकू जाईल असे म्हणता येणे त्याला आठव्या वर्षीही शक्य आहे. घरी हे वाक्य दोघांनी मिळून आठ-दहा वेळा म्हणून बघा. थोडे हसू येईल, येऊ द्या.

कोणता प्रकार निवडावा, या प्रश्नावर घराघरांत वाद होतात आणि मला ते थोडे निष्फळ वाटतात. कराटेत हात-पाय दोन्हींचे वार आणि ते अडवणे असते. एकट्याने ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींना काता म्हणतात आणि समोरासमोर खेळण्याला कुमिते. नवशिक्यांच्या काता बहुधा वार अडवण्यानेच सुरू होतात, हेही सासूबाईंना सांगण्याजोगे आहे. तायक्वांदोत पायांचे काम अधिक, म्हणून लवचिकता आणि तोल चांगला तयार होतो. ज्युदोत ठोसा नाही आणि लाथही नाही. कपड्याला पकडायचे, तोल घालवायचा आणि पाडायचे. तुमच्या मुलाच्या बाबतीत माझा कल ज्युदोकडे आहे, आणि त्याला कारण त्याचा चष्मा आहे. झटापटीच्या कोणत्याही खेळात चष्मा काढून ठेवावाच लागतो, पण तायक्वांदो किंवा कुमितेत समोरून येणारा पाय दिसावा लागतो, तर ज्युदोत समोरच्याची बाही आणि गळपट्टी हातात असते आणि त्याचा तोल कुठे चालला आहे हे हातालाच कळते. म्हणूनच दृष्टिहीनांचा ज्युदो १९८८ पासून पॅरालिंपिकमध्ये खेळला जातो, आणि २०२४ मध्ये पॅरिसला आपल्या कपिल परमारने त्यात कांस्यपदक मिळवले; पॅरालिंपिक ज्युदोतले ते भारताचे पहिलेच पदक होते. ढापण्या म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलाला त्या लढतीचा व्हिडिओ एकदा दाखवा, भाष्य करू नका.

असे असले तरी जवळ चांगला कराटेचा शिक्षक असेल आणि चांगला ज्युदोचा शिक्षक शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर कराटे घ्या. पाथर्डी फाट्याहून संध्याकाळी सहाला निघून द्वारका चौक ओलांडून पंचवटीत पोहोचण्याचा उत्साह आईबापांत फार तर एक महिना टिकतो, आणि मग ‘आज राहू दे’ सुरू होते. शिवाय या तिन्हींपैकी काहीच घ्यायला हवे असेही नाही. मल्लखांबाकडे आपण घरचा म्हणून दुर्लक्ष करतो. बाळंभट्टदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ज्याला नवे रूप दिले तो हा प्रकार कुस्तीगिरांच्या तयारीसाठी वापरला जाई. त्यात मारामारी नाही, पण पकड, धिटाई आणि अंगावरचा ताबा यांत तो कुणाला हार जाणार नाही. नाशिकमध्ये यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या ठिकाणी तो अजून निष्ठेने शिकवला जातो. एकदा मुलाला नुसता बघायला न्या.

तुमच्या सोसायटीतल्या सरांना मी ओळखत नाही, त्यामुळे माणूस म्हणून त्यांच्याविषयी काही बोलणार नाही. त्यांच्या अटींविषयी मात्र बोलता येईल. दोन वर्षांत आठ परीक्षा, म्हणजे ९,६०० रुपये, आणि २४ हजार आगाऊ. ड्रेस, गार्ड आणि स्पर्धांचे प्रवेशशुल्क धरण्याआधीच ३३,६०० रुपये झाले, आणि मुलाला तिसऱ्या महिन्यात कंटाळा आला तर ते परत मिळणार नाहीत. ब्लॅक बेल्टची हमी तर मला मुळीच पटत नाही. जो शिक्षक मुलाला अजून एकदाही पडताना पाहिलेला नाही, तो दोन वर्षांनी काय होईल हे कसे सांगतो? ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांना ‘दान’ म्हणतात. पहिल्या दानाला जपानीत शोदान म्हणतात आणि त्यातल्या ‘शो’चा अर्थच आरंभ असा आहे, मूळाक्षरे संपली, आता वाचायला बसा, इतकाच त्याचा मान. तायक्वांदोच्या जागतिक व्यवस्थेत तर १५ वर्षांखालच्या मुलांना दान देतच नाहीत, त्यांना पूम नावाचा वेगळा दर्जा आणि लाल-काळा पट्टा मिळतो. मधले पिवळे, केशरी, हिरवे पट्टे ज्युदो युरोपात गेल्यावर रुळले. ते मुलांना हुरूप यावा म्हणून आहेत आणि तेवढ्यापुरते चांगलेही आहेत. दर तीन महिन्यांनी सगळीच्या सगळी मुले पास होत असतील, तर मात्र त्या परीक्षेत परीक्षा कसली, हे विचारायला हवे.

पार्किंगची फरशी हा त्याहून गंभीर मुद्दा आहे. काता किंवा व्यायाम फरशीवर चालेल, पण कुणाला पाडायचे किंवा उडी मारून किक करायची असेल तर खाली मॅट हवीच. ज्युदोच्या मॅट साधारण चार सेंटिमीटर जाडीच्या आणि घट्ट असतात. सतरंजी म्हणजे मॅट नव्हे. सरांना विनंती करा, की आम्ही आधी एका महिन्याची फी देतो, पावती द्या, आणि मुलगा रमला तर पुढचे बोलू. ही विनंती जो शिक्षक हसून मान्य करील त्याच्याकडे पाठवायला हरकत नाही.

इथे मला माझी एक चूक सांगावीशी वाटते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना मी त्याला अशाच एका क्लासला घातले होते. तिथले सर कडक म्हणून प्रसिद्ध होते. उशिरा आलेल्या मुलांना ते गुडघे वाकवून, मांड्या जमिनीला समांतर ठेवून, घोड्यावर बसल्यासारखे पंधरा-वीस मिनिटे उभे करत. मुलांच्या मांड्या थरथरत, घाम हनुवटीवरून खाली पडे आणि जो उठेल त्याला पायावर पट्टी बसे. मी दारातून हे दोन-तीनदा पाहिले. मी स्वतः शारीरिक शिक्षणाची शिक्षिका, व्यायामाची शिक्षा मुलाला व्यायामाचाच तिटकारा आणते हे बी.पी.एड.ला शिकलेली, आणि तरीही शिस्त लागते आहे असे समजून घरी परतले. तीन महिन्यांनी त्याने क्लास सोडला, कारण सांगितले नाही. विसाव्या वर्षी एकदा जेवताना सहज बोलून गेला, की उशीर मला व्हायचा तो तुझी बस उशिरा यायची म्हणून. मी काय बोलणार होते?

म्हणून प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण तास क्लासमध्ये बसा. जो शिक्षक पालकांना बसू देत नाही, तिथून चहा न घेता परत या. बसल्यावर तिथल्या हुशार मुलांकडे पाहू नका, ती कुठेही चांगलीच दिसतात. रांगेतला सर्वांत मागचा, जाडसर किंवा घाबरट मुलगा शोधा आणि तासभर फक्त त्याच्यावर लक्ष ठेवा. सर त्याला नावाने हाक मारतात की टोपणनावाने, त्याचे चुकले की स्वतः जवळ जाऊन हात-पाय नीट लावून देतात की लांबून ओरडतात, जोडी लावताना त्याच्या वजनाचा आणि वयाचा जोडीदार देतात की मोठ्या मुलाच्या सरावासाठी त्याला वापरतात, तो रडू लागला तर बाकीची मुले हसतात की आपला सराव चालू ठेवतात, आणि पाणी प्यायला सोडतात की नाही. एका शिक्षकाच्या हाताखाली चाळीस मुले असतील आणि मदतीला कुणी नसेल, तर सर कितीही चांगले असोत, तुमच्या मुलाच्या वाट्याला ते येणार नाहीत.

या विद्येत अंगाला हात लावून शिकवावेच लागते, त्यामुळे एक गोष्ट मुलगा आणि मुलगी दोघांनाही आधीच सांगून ठेवा. खांदा, कोपर, कंबर, पाऊल यांना सरांनी सगळ्यांसमोर हात लावून दुरुस्त करणे ठीक आहे. त्यापलीकडे काही झाले, एकट्याला थांबायला सांगितले, ‘घरी सांगू नको’ असे कुणी म्हटले, तर ते त्याच दिवशी घरी सांगायचे आणि त्यासाठी कुणी रागावणार नाही. लैंगिक अत्याचारापासून मुलांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा क्लासच्या शिक्षकालाही लागू आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. बंद दाराआडची एकट्याची ‘स्पेशल प्रॅक्टिस’ कोणत्याही पदकासाठी नको.

दुखापतीविषयी सासूबाईंचे अर्धे बरोबर आहे. व्यायामाने किंवा अशा प्रशिक्षणाने उंची खुंटत नाही. परंतु वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो आणि त्याला जबर मार बसला तर त्या हाडाची वाढ बिघडू शकते, म्हणून भिंतीवर किंवा लाकडावर मुठी आपटून हात कडक करणे, फरश्या-कौले फोडणे, असले प्रकार मुलांना करू देऊ नयेत, ते वार्षिक कार्यक्रमात कितीही टाळ्या मिळवोत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली याच विषयावर सविस्तर मार्गदर्शन केले; सुरुवात प्रत्यक्ष मारापेक्षा विना-स्पर्श सरावाने करावी, डोक्यावरचे वार टाळावेत आणि हेडगार्ड घातले म्हणजे मेंदूला हादरा बसत नाही असे समजू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. डोक्याला लागल्यावर मुलाला उलटी झाली, तो गोंधळला, पेंगू लागला किंवा डोके दुखते म्हणाला, तर त्या दिवशी सराव तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचे. ‘पाणी मार, उठ’ म्हणणारे सर कितीही नावाजलेले असले तरी तिथे ऐकायचे नाही.

आणि मारकुटेपणा? तो मला क्लासपेक्षा घरातून येताना जास्त दिसला आहे. स्पर्धेच्या दिवशी मॅटच्या कडेला उभे राहून ‘मार, मार त्याला’ ओरडणारे बाप आणि पंचांवर धावून जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. ही आपलीच खोड आहे असे नाही. खुद्द जपानमध्ये, ज्युदोच्या माहेरी, मुलांना वजन घटवायला लावण्यापर्यंत आणि पंचांना शिव्या देण्यापर्यंत गोष्टी गेल्या, तेव्हा २०२२ साली तिथल्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धाच बंद करून टाकली. तुमच्या मुलाला पहिले वर्ष-दीड वर्ष कोणत्याही स्पर्धेत उतरवू नका, त्याने स्वतः मागितले तर गोष्ट वेगळी.

दहावीच्या गुणांचे थोडक्यात सांगते. वाढीव गुण मिळतात हे खरे आहे, परंतु ते क्लासला गेल्याचे किंवा ब्लॅक बेल्टचे मिळत नाहीत. त्यासाठी मान्यताप्राप्त खेळात, ठरलेल्या पातळीपर्यंत, क्रीडा खात्याच्या कक्षेतल्या स्पर्धा खेळलेल्या असाव्या लागतात. आपल्याकडे एकेका खेळाच्या अनेक संघटना आहेत आणि प्रत्येकीची ‘राष्ट्रीय’ स्पर्धा कुठल्या तरी मंगल कार्यालयात होत असते. अशा प्रमाणपत्रांची चळत घेऊन दहावीच्या वर्षी जिल्हा क्रीडा कार्यालयात गेलेले पालक मी रिकाम्या हाताने परतताना पाहिले आहेत. मान्य खेळांची यादी बदलत असते, ती त्या कार्यालयातच विचारावी. तसे पाहिले तर ज्युदो १९६४ पासून आणि तायक्वांदो २००० पासून ऑलिंपिकमध्ये आहे, कराटे मात्र फक्त टोकियोच्या, २०२१ मध्ये झालेल्या स्पर्धेत दिसले आणि पॅरिसमध्ये वगळले गेले. पण तिसरीतल्या मुलासाठी आजच दहावीचे गुण मोजायचे म्हणजे म्हशीआधी दोरी घेण्यासारखे आहे.

मुलीविषयी तुम्ही शेवटच्या एका ओळीत लिहिले आहे. मुलासाठी संपूर्ण पत्र आणि मुलीसाठी ता. क. मधली ओळ, याचा मला जरा राग आला, तो मी लपवत नाही. जिला स्वतःहून जायचे आहे तिला आधी पाठवा. अकरावे वर्ष सुरुवातीला मुळीच उशिराचे नाही, तिथे शिकवणारी किंवा मदतनीस एखादी मॅडम असेल तर उत्तम, आणि दोघे भावंडे एकाच वेळी निघाली तर ने-आण एकच होईल. मोठ्या बहिणीला पडताना पाहून धाकट्याची भीती लवकर मोडते, हा माझा अनुभव आहे. फक्त घरी दोघांची जोडी लावून झुंज बघत बसू नका.

पहिल्या महिन्यात ड्रेस घेऊ नका. जुनी ट्रॅक पँट आणि टी-शर्ट पुरतो, नखे कापलेली असावीत, गळ्यातला दोरा आणि हातातले कडे काढून ठेवावे, चष्म्याची डबी पिशवीत असावी. महिन्याने दोघांनाही जावेसे वाटत असेल तर मग ड्रेस घ्या, आणि तो दोन बोटे मोठाच घ्या. जाड सुती कापड पहिल्या दोन धुण्यांत आटते.